पुसलं की काळं, आठवड्यात पुन्हा पांढरं: गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकचा आणि रबराचा त्रास

गाडी धुतली, काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश मारलं, संध्याकाळी गाडी नवी दिसली. पंधरा दिवसांनी बंपर पुन्हा राखेच्या रंगाचा. वळवाचा एखादा पाऊस झाला तर तेवढे दिवसही नाहीत. चाकांवरच्या कमानी, दारांचा खालचा पट्टा, बंपर, वायपरखालची जाळी, आरशांचे बूड, टपावरचे रेल अशा ठिकाणी न रंगवलेलं काळं प्लॅस्टिक ज्यांच्या गाडीला आहे, त्यांना हे नवीन नाही.

माझी गाडी सोलापुरात उघड्यावर उभी असते. नाक उत्तरेकडे, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला. दुपारनंतरचं सगळं ऊन त्या बाजूला. उजवीकडे शेजारची इमारत, त्यामुळे तिकडे ऊन कमीच. चौथ्या उन्हाळ्यानंतर डावी बाजू पांढरीफटक आणि उजवी जवळजवळ जशीच्या तशी काळी. प्लॅस्टिक तेच, धुणारा तोच, पॉलिशची बाटलीही तीच. तेव्हा कुठे लक्षात आलं की पॉलिश बदलत बसण्याआधी हे पांढरं नेमकं कशाचं आहे, ते बघायला हवं होतं. मग बारकाईने पाहिलं तर एकाच गाडीवर तीन वेगवेगळ्या जातींचं पांढरं निघालं, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

ओलं केलं की सगळंच काळं दिसतं

या दुखण्यात फसगत होते ती इथे. कोरडा डांबरी रस्ता राखाडी दिसतो आणि पावसात काळाभोर. रस्त्याचा रंग बदललेला नसतो. कोरड्या खडबडीत पृष्ठभागावर उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून तो फिकट दिसतो, आणि पाण्याने खाचा भरल्या की विखुरणं कमी होतं. उन्हाने खाल्लेल्या प्लॅस्टिकचंही असंच आहे. त्यात जे काही द्रव भराल, मग ते खोबरेल असो, डिझेल असो, महागडं पॉलिश असो की नुसतं पाणी, ते तेवढ्यापुरतं काळं दिसणारच. त्यामुळे «अमुक लावलं आणि लगेच काळं झालं» हा पुरावाच नाही. सहा आठवड्यांनी, दोन पावसांनंतर काय दिसतं, एवढंच विचारायचं.

आता ऊन नेमकं काय करतं ते. हे भाग बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचे असतात, त्यात लवचिकपणासाठी रबर आणि ताठपणासाठी शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्क, मिसळलेली असते. बंपर किंवा कमान काढली तर मागे कोरलेली इंग्रजी अक्षरं दिसतात: पीपी, अधिक, ईपीडीएम, टीडी २०. म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, त्यात ईपीडीएम रबर आणि २० टक्के टाल्क. पॉलीप्रॉपिलीनला उन्हातल्या अतिनील किरणांचं वावडं आहे. गच्चीवर विसरलेलं प्लॅस्टिकचं विणलेलं पांढरं पोतं काही महिन्यांत हातात भुगा होऊन येतं ना, ते याच प्लॅस्टिकचं. गाडीचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्यात किरण झेलणारी रसायनं आणि काजळीसारखी बारीक कार्बनची पूड घातलेली असते. आमच्याकडच्या डाळिंबाच्या बागेतली ठिबकची नळी काळी असते तीही याचसाठी. तिच्यात साधारण २ ते ३ टक्के कार्बन असतो. पण हे संरक्षण कधीतरी संपतं. मग वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतलं टाल्क उघडं पडतं. बोट फिरवलं की बोटाला लागते ती ही भुकटी.

पांढरं कोणतं ते पाच मिनिटांत ओळखा

गाडी सावलीत आणि थंड असताना साध्या पाण्याने धुऊन घ्या, कोरडी होऊ द्या. मग एक ओलं फडकं, एक खोडरबर आणि थोडं पांढरं व्हिनेगर एवढंच जवळ घ्या.

ओल्या फडक्याने पुसल्यावर भाग एकसारखा काळा झाला, सुकल्यावर एकसारखा राखाडी झाला आणि बोटाला भुकटी लागली, तर ते ऊन. बहुधा आडव्या, आकाशाकडे तोंड असलेल्या भागांवर आणि पश्चिमेच्या बाजूला जास्त असतं.

पांढरं फक्त रंगवलेल्या पत्र्याच्या कडेला लागून, प्लॅस्टिकच्या खरबरीत दाण्यांमध्ये अडकल्यासारखं, बोटांच्या किंवा फडक्याच्या फटकाऱ्यांच्या आकारात आहे का? मग ते वॅक्स किंवा रबिंगचं पॉलिश. पत्र्याला लावताना फडकं प्लॅस्टिकवर गेलं आणि ते तिथेच वाळलं. खोडरबराने जोरात घासून बघा. घासलेली जागा काळी पडली तर निदान पक्कं.

तिसरं म्हणजे गोल डाग आणि ओघळ, खालच्या कडांना जास्त. हे बोअरच्या जड पाण्याचे क्षार. व्हिनेगरचा एक थेंब ठेवा, दोन मिनिटांनी पुसा. डाग विरला तर क्षारच. सोलापूर, मराठवाडा, नगरकडे ज्यांची गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते आणि उन्हातच वाळते, त्यांनी हीच शंका आधी घ्यावी. कपडे धुण्याच्या पावडरीने गाडी धुणाऱ्यांनाही तसेच डाग मिळतात, कारण पावडर नीट निघत नाही आणि दाण्यांत वाळते.

आणखी एक किरकोळ प्रकार: बंपर कुठेतरी टेकला, दबून परत आला आणि वळलेल्या रेषेवर पांढरी घडी राहिली. तो ताणाचा डाग. तिथे गरम पाणी ओता किंवा केस वाळवायचा ड्रायर धरा, बराच कमी होतो. पॉलिशचा तिथे काही संबंध नाही.

माझ्या गाडीच्या डाव्या कमानी उन्हाच्या, दरवाजांच्या खालचा पट्टा क्षारांचा, आणि वायपरखालच्या जाळीच्या कडा वॅक्सच्या निघाल्या. चार वर्षं मी तिन्हींवर एकच चकाकी देणारं पॉलिश ओतत होतो.

काम धुण्यात आहे, लावण्यात नाही

हे वाक्य मी दोन उन्हाळे वाया घालवून शिकलो. आधीच्या पॉलिशचा तेलकट थर, धूळ, डिझेल आणि भुकटी यांच्यावर कितीही चांगली वस्तू लावा, ती प्लॅस्टिकला चिकटतच नाही, त्या मळाला चिकटते आणि मळाबरोबर निघून जाते. पहिल्या पावसात दारावर काळे-पिवळे ओघळ येतात ते यानेच.

आधी कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावून घ्या. भांडी घासायचं पातळ साबण कोमट पाण्यात, किंवा गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं सर्वसाधारण क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून घ्या. कपड्यांचा मऊ ब्रश, फटींना जुना टूथब्रश. तारेची घासणी किंवा भांड्यांची हिरवी घासणी नको. दाणे घासले गेले की तिथे कायमची चकचकीत जागा राहते आणि ती मग कशानेच झाकत नाही. एका वेळी हातभर जागा घ्या, गोल गोल घासा, फेस राखाडी होईल, धुवा. पुन्हा घासा. फेस पांढरा राहीपर्यंत. माझ्या डाव्या मागच्या कमानीला चार वेळा घासावं लागलं. चौथ्यांदा फेस स्वच्छ आला तेव्हा ती कमान आधीपेक्षाही पांढरी दिसत होती, आणि मला वाटलं, बिघडवलं. नाही, तेच तिचं खरं रूप होतं. इतकं पांढरं दिसलं म्हणजे धुणं पूर्ण झालं असं समजा.

वॅक्स असेल तर साबणाच्या पाण्याचा उपयोग थोडाच होतो. पाणी हाताला सोसेल तेवढं गरम घ्या, वॅक्स मऊ पडतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धंअर्धं करून टूथब्रशने घासा. ते मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. उघड्यावर, ज्योतीपासून लांब वापरा, आणि पुसायला प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्या, नाहीतर विरघळलेलं वॅक्स शेजारी पसरतं. कोपऱ्याकोपऱ्यांना खोडरबर आहेच. क्षारांना व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात, दोन-तीन मिनिटं, मग भरपूर पाणी. गरम पत्र्यावर व्हिनेगर वाळू देऊ नका आणि ॲल्युमिनियमच्या चाकांवर सांडलं तर लगेच धुऊन टाका.

वॅक्स आणि क्षार असलेल्यांचं काम बऱ्याचदा इथेच संपतं. प्लॅस्टिक आतून काळंच असतं. विकत काहीच आणावं लागत नाही.

शेवटी सगळं पूर्ण वाळू द्या. जोडांमधलं पाणी नंतर झिरपतं, म्हणून मी संध्याकाळी धुतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, ऊन यायच्या आत लावतो. तापलेल्या प्लॅस्टिकवर काहीही लावलं की ते जागेवरच सुकतं आणि पट्टे उमटतात.

आता लावायचं काय

घरगुती उपायांचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त सल्ले त्यांचेच मिळतात.

खोबरेल तेलाने काळं होतं, पण ते धूळ धरतं आणि साबणाने निघून जातं. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी दाण्यांमध्ये गोठलेलं तेल पांढरं दिसतं, म्हणजे जे घालवायला लावलं तेच परत. बूटपॉलिश पँटला लागतं आणि उन्हात पातळ होतं. वॉशिंग सेंटरवर गाडी चकाकावी म्हणून खालच्या भागांवर आणि प्लॅस्टिकवर डिझेल फवारतात, ते मात्र हात धरून थांबवा. प्लॅस्टिकवर त्याचा थर धूळ ओढतो आणि त्याचे शिंतोडे दारांच्या रबरांवर गेले तर रबर फुगतं. मी तिथे गाडी देतानाच सांगतो, «डिझेल नको, नुसतं पाणी आणि शाम्पू.» दोनदा सांगावं लागतं, पण ऐकतात.

जवसाचं तेल, म्हणजे लाकडाला लावायचं उकळलेलं लिनसीड, हे वेगळं प्रकरण आहे. ते हवेतल्या ऑक्सिजनने वाळून कडक थर होतो, म्हणून इतर तेलांपेक्षा जास्त टिकतं. पण जाड लागलं तर चिकट राहतं, पुढे पिवळसर पडतं आणि काढताना जीव जातो. आणि एक धोका नक्की लक्षात ठेवा: या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर वाळताना ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. फडकं उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मी हा उपाय गाडीला सुचवणार नाही.

बाजारातल्या वस्तूंचे ढोबळ तीन प्रकार. पहिलं सिलिकॉनचं ड्रेसिंग. दुधाळ दिसतं ते पाण्याचं आणि पारदर्शक, तेलकट, तीव्र वासाचं ते सॉल्व्हंटचं. पाण्याचंच घ्या. त्यात अतिनील किरण अडवणारं काही आहे असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर उत्तम. हे मुख्यतः अजून काळ्या असलेल्या प्लॅस्टिकसाठी आहे. माझ्या उजव्या बाजूला मी दर महिन्याला हेच लावतो. पांढऱ्या झालेल्या भागावर ते नुसत्या पाण्यापेक्षा थोडं जास्त टिकतं, एवढंच.

दुसरं, रंगद्रव्य असलेलं रिस्टोअरर. काळं, दाटसर, हाताला लागलं तर दोन दिवस जात नाही. उन्हाने गेलेल्या प्लॅस्टिकला हेच लागतं, कारण गेलेला काळेपणा ते परत घालतं, नुसतं ओलं करत नाही. अगदी थोडं घ्या, फोमच्या तुकड्यावर चार-पाच थेंब, आणि हातभर जागेवर पसरवत राहा. मग कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून काढा. हे पुसणं टाळलं की तेवढंच पावसात ओघळतं. हातमोजे आणि मास्किंग टेप हवेतच. माझ्या डाव्या कमानींवर ते एक पावसाळा पूर्ण आणि पुढचा उन्हाळा जवळपास पूर्ण टिकलं. दुसऱ्यांदा लावताना धुणं अर्ध्या वेळात झालं.

तिसरं, सिरॅमिक कोटिंग. ते पृष्ठभागावर घट्ट बसणारा थर देतं आणि तिन्हींत जास्त टिकतं, पण धुण्यातली चूक ते माफ करत नाही. तेल राहिलं असेल तर ठिगळं दिसतात आणि ती काढायची म्हणजे घासणं आलं. लावल्यावर किमान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. म्हणजे जूनमध्ये ढगांकडे बघत हे काम करू नका. फेब्रुवारी-मार्च बरा.

हीटगनचे व्हिडिओ पाहून अनेकांना मोह होतो. गरम हवेने वरचा खराब थर वितळून बसतो आणि प्लॅस्टिक डोळ्यांदेखत काळं होतं, हे खरं आहे. पण उन्हापासून वाचवणारी रसायनं त्याने परत येत नाहीत, त्यामुळे ते पुन्हा पांढरं होतं आणि दर वेळी परिणाम कमी होत जातो. पॉलीप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि हीटगनची हवा त्याच्या कितीतरी वर असते. एक क्षण थांबलात की दाणे सपाट झाले. काच तडकू शकते, शेजारच्या रंगाला फोड येतात. एखाद्या निकामी कमानीवर सराव केला असेल तरच हात घाला, आणि नंतर लगेच रक्षण करणारं काहीतरी लावा.

रंग मारून घ्यायचा असेल तर पेंटरला एकच प्रश्न विचारा: पॉलीप्रॉपिलीनसाठीचा प्लॅस्टिक प्रायमर लावणार का? या प्लॅस्टिकला रंग सहज धरत नाही. प्रायमरशिवाय मारलेला रंग पहिल्या प्रेशर वॉशला पापुद्र्यासारखा उडतो, आणि अर्धा उडालेला बंपर पांढऱ्या बंपरपेक्षा वाईट दिसतो.

वायपरखालच्या जाळीवर कधीही स्प्रे मारू नका. सिलिकॉनचे कण काचेवर बसतात, वायपर ते पसरवतो आणि रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा उजेड काचेवर फुटतो. तिथे फोमनेच लावा.

रबराचं वेगळं आहे

दारांभोवतीचं रबर बहुतेक ईपीडीएमचं असतं. ऊन, पाऊस, ओझोन त्याला बराच काळ सोसतात, पण खनिज तेलं सोसत नाहीत. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन यातलं काही त्याला लावू नका. लावल्या दिवशी मऊ वाटतं, नंतर फुगून सैल होतं. साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, बोटाने सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. दार उघडताना चिकटल्यासारखा आवाज येत असेल तर तो याने जातो. हे करताना दाराच्या खालच्या कडेची पाण्याची छिद्रं काडीने मोकळी करा. ती गाळाने बुजली की पाणी दारातच साठतं, आणि लोक दोष रबराला देतात.

रत्नागिरीला मावशीच्या गाडीच्या काचेच्या रबरांवर दर पावसाळ्यात हिरवट थर चढतो. तिथे पॉलिशचं काम नाही. टूथब्रश आणि साबण, नंतर पातळ केलेलं व्हिनेगर, पुन्हा साधं पाणी, आणि महिन्यातून एकदा हेच. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना याहून लवकर करावं लागतं.

टायर तपकिरी दिसायला लागला की बरेच जण तो मळ समजून खरवडतात. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तपकिरी दिसतात. मऊ ब्रशने धुणं पुरे. चकाकी हवी असेल तर फक्त बाजूच्या भिंतीवर, तेही पुसून काढून. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या डिस्कवर कणभरही नको. दुचाकीच्या टायरला, सीटला, हँडलच्या ग्रिपला, पायाखालच्या रबराला आणि ब्रेकच्या पेडलला यातलं काहीच लावू नका. स्कूटरच्या पाय ठेवायच्या काळ्या प्लॅस्टिकवरही नाही. तिथे पाय सरकला तर पडायला होतं. वायपरच्या रबरालाही सिलिकॉन नको, ते नुसतं ओल्या फडक्याने पुसा.

दाराच्या काचेच्या बाहेरची खालची रबरी पट्टी मात्र बहुतेकांना दगा देते. ती कडक होते, आखूड होते, कोपऱ्यात फट पडते, भेगा दिसतात. रबराला लवचिक ठेवणारी द्रव्यं निघून गेलेली असतात आणि भेग पडलेलं रबर कोणत्याही बाटलीने जुळत नाही. मी त्या पट्टीवर दोन बाटल्या संपवल्या. मग मेकॅनिककडून डाव्या बाजूच्या दोन पट्ट्या नव्या बसवून घेतल्या. काच खालीवर करताना येणारी घरघरही त्या दिवसापासून बंद झाली.